अटलांटिक ओलांडताना स्वयंपाक, पाणी आणि झोप : ४० फुटी बोट, चौघे जण

उधाण :
डिसेंबरात लास पाल्मासहून (कॅनरी बेटं) सेंट लुसियाला (कॅरिबियन) जाणाऱ्या शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून जातोय. साधारण २७०० सागरी मैल, स्किपर (बोटीचा कप्तान) २१ दिवस धरतोय. पाणी ४०० लिटर, शिवाय १२ व्होल्टचा छोटा वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र). मुंबई बंदरातल्या रेसिंगची सवय आहे, पण समुद्रात रात्र काढलेली नाही, आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात पडलाय. पाणी पुरेल का? काय शिजवायचं? झोपेचं काय?

गॅलीगुरू :
पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज ३ लिटर धरा. चौघांचे २१ दिवसांचे २५२ लिटर, त्यावर निम्मं राखीव, म्हणजे ३७८. वॉटरमेकर नाहीच असं समजूनही भागतं. पण हे ४०० लिटर एकाच टाकीत आहेत का, ते आधी विचारा. एक पाइप निसटला की प्रेशर पंप सगळं पाणी गुपचूप बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) ओततो. दोन टाक्या असतील तर मधला वॉल्व्ह बंद ठेवा. एकच असेल तर ८० लिटर तरी ५ लिटरच्या बाटल्यांत वेगळे ठेवा. प्रेशर पंपाचा स्विच बंद ठेवून पायपंप वापरला की खर्च आपोआप उतरतो.

वॉटरमेकर बंदरात चालवू नका, पाण्यावरचा डिझेलचा तवंग मेम्ब्रेनची (आतल्या गाळणाऱ्या पडद्याची) वाट लावतो. गरम हवेत तो नुसता पडून राहिला तर आत जंतू वाढतात, म्हणून एक-दोन दिवसांआड चालवा आणि नंतर गोड्या पाण्याने धुवा. ते पाणी कार्बन फिल्टरमधूनच जाऊ द्या. किनाऱ्यावर भरलेल्या पाण्यातलं क्लोरीन मेम्ब्रेन खातं.

भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्याचा. अंघोळही तशीच. अंगाच्या साबणाला समुद्राच्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला किंवा भांड्यांच्या लिक्विडला येतो. शेवटी लिटरभर गोडं पाणी अंगावर घ्याच, नाहीतर मीठ वाळून बसायच्या जागी फोड येतात.

भाताच्या सहा वाट्या पाण्यात एक वाटी समुद्राचं घाला, वेगळं मीठ नको. बटाटे सालासकट निव्वळ खाऱ्या पाण्यात उकडा. पालेभाजी पहिल्या आठवड्यातच संपवायची. कोबी सुरीने न कापता वरून पान-पान काढत गेलात तर शेवटपर्यंत पुरतो. पुढे ताजं हवं तर मोड आलेले मूग-मटकी, त्याला पाणीही कमी लागतं आणि भिजवलेलं पाणी आमटीत जातं. अंडी कधीच फ्रीजमध्ये न गेलेली घ्या आणि दोन दिवसांआड उलटी करा. कांदे-बटाटे एकत्र नकोत. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच सोडा, त्यांतून झुरळांची अंडी बोटीवर येतात.

घरून पोहे, मेतकूट, गोडा मसाला न्या. तूप, खवा, पेढे आणि ताजा कढीपत्ता मात्र नको, युरोपात उतरताना ते काढून घेतात.

शिडवाला :
रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या ८ ते ११, ११ ते २, २ ते ५, ५ ते ८. दिवसा सैल. काही जण दर चार दिवसांनी पाळ्या फिरवतात. माझ्या मते ठरलेल्याच बऱ्या, तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून शरीर रुळतं. जेवण अंधाराआधी उरकून ८ ते ११ तुम्ही घ्या, म्हणजे पुढे सलग झोप मिळेल.

दर १० मिनिटांनी चहूबाजूंनी नजर फिरवा. डोळे पाण्यापासून २ मीटर वर असतील तर क्षितिज जेमतेम ३ सागरी मैलांवर असतं आणि २० नॉट्सचं (ताशी २० सागरी मैल) जहाज तेवढं अंतर ९ मिनिटांत कापतं. मोठ्या जहाजाचे दिवे त्याच्या बरेच आधी दिसतात, पण पावसात किंवा धुरकट हवेत त्यावर विसंबू नका. एआयएसचा (जहाजं रेडिओवरून आपली जागा कळवतात ती यंत्रणा) अलार्म लावा, तरी प्रत्येक बोटीवर एआयएस नसतं. हार्नेसचा (अंगावरच्या सुरक्षापट्ट्याचा) हूक जिन्यात असतानाच अडकवायचा, बाहेर आल्यावर नव्हे. कोणाला उठवल्याशिवाय एकट्याने कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची जागा) सोडायचं नाही. रीफ (शीड आवरून लहान करणं) अंधार पडायच्या आत घ्या, अचानक वाऱ्याचा झोत येतो तेव्हा वर एकच माणूस असतो.

वारा मागून असल्याने बोट सतत दोन्ही बाजूंना डोलते. झोपायला मधला बर्थ आणि पडू नये म्हणून बाजूला ताणलेलं कापड, पुढच्या केबिनमध्ये झोप लागत नाही. कपाटातले डबे रात्रभर खडखडतात, त्यांना मोजे घाला. (डबा शोधायला रात्री दीडला बर्थ उचकटला की जाग आलेला माणूस काय बोलतो ते इथे लिहिता येत नाही.)

वाटेत घड्याळ चार वेळा एकेक तास मागे जातं. तो जादा तास दुपारी वाटून घ्या, नाहीतर एकाच्याच पाळीवर बसतो. लॉगबुक यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा.

दोरखंड :
गॅसचं कोणी बोललं नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला की बिल्जमध्ये साचतो. त्यामुळे दर वेळी सिलेंडरपाशी बंद करायचा, नुसतं शेगडीचं बटण पुरत नाही. कॅम्पिंगगॅझचा २.७५ किलोचा सिलेंडर चौघांना दहा-बारा दिवस धरा, तीन घ्या. उकळतं पाणी ओतताना पावसाळी पँट अंगावर आणि कप सिंकमध्ये, हातात नाही.

सकाळी दोऱ्या बघणं हेही घरकामच समजा. दिवसेंदिवस तेच शीड तसंच राहतं, हॅलियर्ड (शीड वर चढवायचा दोर) पुलीवर एकाच जागी घासतो. रोज १० सेंटीमीटर सरकवा. बूम (शिडाखालचा आडवा दांडा) अचानक फिरू नये म्हणून बांधलेला दोर, म्हणजे प्रिव्हेंटर, तोही तपासा.

उधाण :
इथला ५ लिटरचा प्रेशर कुकर नेऊ का?

गॅलीगुरू :
न्या, झाकण बंद असल्याने डाळ सांडत नाही आणि गॅसही वाचतो. आधी स्किपरकडून शेगडीवर भांडं धरणाऱ्या पकडींचं माप मागवा. बोट कलली तरी शेगडी झुलून सपाट राहते. कुकरचा लांब दांडा मागच्या भिंतीला टेकला की ती मध्येच अडकते आणि भांडं तिरकं होतं. दोन कानांचा कुकर बरा. रिंगा दोन आणि सेफ्टी वॉल्व्ह दोन जादा घ्या, इथली मापं तिकडे मिळणार नाहीत.