भावाचा जीन-रिपोर्ट पुढच्या डॉक्टरांच्या नजरेस कसा पडेल?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार. मी मिरजेजवळच्या एका पतसंस्थेत काउंटरला असते. डॉक्टरकीतलं काही शिकलेली नाही, पण गेल्या सात महिन्यांत जे शिकावं लागलं त्यातून हा प्रश्न उभा राहिलाय.

धाकटा भाऊ २४ वर्षांचा, शेती बघतो. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात. स्टेरॉइड कमी केलं की त्रास परत उसळायचा, म्हणून डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन चालू केलं, ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज. सोळाव्या दिवशी उशीवर केस दिसले. आई म्हणाली, बोअरच्या पाण्यानं असेल. दुसऱ्या दिवशी त्याने आंघोळीत डोक्यावरून हात फिरवला तर मूठभर केस हातात आले. ओढावेही लागले नाहीत. पुढे चार दिवसांत १०३ ताप, तोंडात फोड, आणि पांढऱ्या पेशी फक्त ९००. अकरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं, पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली. त्या अकरा दिवसांत आई एकदाही घरी आली नाही. देवाच्या कृपेने आणि तिथल्या सिस्टर लोकांच्या कष्टाने तो वाचला.

मग जीनची तपासणी झाली. एनयूडीटी१५ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रतींत बदल आहे, रिपोर्टवर ‘टीटी’ असं लिहिलंय. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, हे औषध जन्मात परत घ्यायचं नाही.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. रानात गाजरगवताने त्याची मान, पापण्या, कोपराचे खळगे लाल होऊन चिघळले. दुसऱ्या गावच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. फाइल नेली होती, पण तिच्यात सत्तरेक कागद, आणि जीनचा रिपोर्ट सगळ्यात मागे. बाहेर पन्नास माणसं बसलेली. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारलं, “कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?” भाऊ म्हणाला, “नाही.” ते खोटंही नव्हतं, त्याला झालं ती अ‍ॅलर्जी नव्हतीच.

मेडिकलमध्ये पट्टी हातात आल्यावर मी सवयीने उलटी करून बघितली. वर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव, मी कधी न ऐकलेलं. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात: अ‍ॅझाथायोप्रिन. माझे हातपाय गार पडले. मी त्या दिवशी सोबत गेले नसते तर?

मला डॉक्टरांना दोष द्यायचा नाही. पण आमच्या पतसंस्थेत खात्यावर बोजा चढवलेला असला की ते खातं कुठल्याही शाखेत उघडा, पडद्यावर आधी तेच दिसतं आणि पैसे निघतच नाहीत. कर्मचारी नवा असो की जुना, फाइल बघितलेली असो की नसो. माझ्या भावाच्या रक्तातली इतकी मोठी गोष्ट मात्र माझ्या मोबाइलमधल्या दोन पानी पीडीएफमध्ये पडून आहे. ती पुढच्या डॉक्टरांना आपोआप दिसावी यासाठी काय करता येईल? आभा खात्यात, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्यात चढवली तर दिसेल का? आणि मी स्वतः ही तपासणी करून घ्यावी का?

गोळी_आणि_गणित

ताई, मी कोल्हापूर भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात औषध विभागात आहे, आमची संगणकप्रणाली बसवताना त्या कामात होतो. तुमचं बोज्याचं उदाहरण अगदी नेमकं आहे, कारण तशी सोय आमच्याकडे आहे, फक्त जीनसाठी नाही.

युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असलेल्या पेशंटला कुणी अ‍ॅझाथायोप्रिन लिहिलं की आमच्याकडे लाल चौकट येते. दोन्ही एकत्र घेतली तर पांढऱ्या पेशी अशाच कोसळतात. संगणकाला हे कळतं, कारण दोन्ही औषधं त्याच्या यादीत सांकेतिक क्रमांकाने नोंदलेली असतात आणि ‘हे असेल तर ते नको’ हा नियम आत लिहिलेला असतो. तुमच्या भावाच्या बाबतीतला नियम याच जातीचा आहे. अडचण एवढीच की ‘एनयूडीटी१५: टीटी’ ही माहिती टाकायला रकानाच नाही. पीडीएफ जोडता येते, पण संगणकाच्या लेखी तो निव्वळ फोटो. त्यातली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, मग तो इशारा कशाचा देणार?

आभाचंही तेच. तो १४ आकडी क्रमांक काढाच, रिपोर्ट चढवाच, कारण कागद हरवणार नाही. पण डॉक्टरला तो बघायचा तर आधी तुमची संमती लागेल आणि मग त्याने तो उघडायला हवा. आपण होऊन धोक्याची घंटा वाजेल या भरवशावर राहू नका. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी एफएचआयआर हा साचा घेतला आहे, आणि त्यात जीनचा निकाल नीट रकान्यांत बसवता येतो. पण लॅबने तो तशा रूपात द्यायला हवा आणि रुग्णालयाने तशा रूपात घ्यायला हवा. आज आमच्याकडे लॅबवरून येते ती पीडीएफच.

तोवर एक गावठी उपाय सांगतो, आम्ही स्वतः करतो. जिथे जिथे भावाचं नाव नोंदवाल तिथे ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ या रकान्यात अ‍ॅझाथायोप्रिन आणि त्याच कुळातलं मर्कॅप्टोप्युरिन ही दोन्ही नावं टाकायला लावा. शास्त्राच्या दृष्टीने ती अ‍ॅलर्जी नाही, पण इशारा देणारा रकाना तोच आहे. आणि भावाला पढवून ठेवा, अ‍ॅलर्जी विचारली की “नाही” म्हणायचं नाही, “अ‍ॅझाथायोप्रिन चालत नाही, जीन तपासलेला आहे” असं म्हणायचं.

पोटाचा_डॉक्टर

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. आधी भावाला जपल्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक. पट्टी उलटी करून बघायची सवय कधीही सोडू नका.

नेमकं काय झालं ते सांगतो. अ‍ॅझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर त्याचं मर्कॅप्टोप्युरिन होतं आणि पुढे त्याचे असे रेणू बनतात जे विभागत असलेल्या पेशींच्या डीएनएत घुसतात. आतड्याला सूज आणणाऱ्या पेशी त्यानेच आटोक्यात येतात. एनयूडीटी१५ या जीनपासून बनणारं वितंचक (एन्झाइम) या रेणूंना वेळीच निकामी करत असतं. भावाकडे ते जवळजवळ चालतच नाही, त्यामुळे रेणू साचत गेले. केसांची मुळं आणि अस्थिमज्जा, दोन्हीकडे पेशी भराभर विभागतात, म्हणून आधी केस आणि मागोमाग पांढऱ्या पेशी. माझ्या पेशंटांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: केस झपाट्याने गळू लागले तर गोळी बंद करा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

आता थोडं मन मोकळं करतो. आम्ही शिकत होतो तेव्हा या औषधाआधी टीपीएमटी नावाचा दुसरा जीन बघा असं पुस्तकात होतं. ती पुस्तकं युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून लिहिलेली. तिकडे टीपीएमटीचा दोष बऱ्याच जणांत आढळतो. आपल्याकडे तो कमी, म्हणून टीपीएमटी ‘नॉर्मल’ आलेले आपले पेशंटही कोसळायचे आणि आम्हाला कोडं पडायचं. २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ चा संबंध पुढे आला. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल दुर्मीळ, आपल्याकडे दहा माणसांत साधारण एकाकडे त्याची निदान एक प्रत असते. म्हणून जीनोमइंडियासारखं काम मला जिव्हाळ्याचं वाटतं. त्यातल्या १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुली झाली. आपल्या माणसांना कुठलं औषध बाधेल ते आपल्याच माणसांकडे बघून कळणार.

एक प्रत बदललेली असेल तर डोस कमी करून, रक्त तपासत औषध देता येतं. दोन्ही असतील तर कोलायटिससाठी आम्ही ते टाळतोच. भावाच्या कोलायटिसवरच्या दुसऱ्या औषधांना, म्हणजे मेसालामाइन किंवा बायोलॉजिक इंजेक्शनं यांना, या निकालामुळे काही अडचण नाही, हेही रिपोर्टसोबत लिहून ठेवा, नाहीतर घाबरून लोक सगळीच औषधं बंद करतात.

तुमच्याविषयी: भावाच्या दोन्ही प्रती बदललेल्या, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून एकेक आली. सख्ख्या बहिणीकडेही दोन्ही असण्याची शक्यता चारात एक. हा आजार नव्हे, या औषधांची गरज पडली नाही तर आयुष्यभर काहीच होत नाही. म्हणून आज धावपळ नको. पण घरात कुणाला ही औषधं सुचवली तर पहिली गोळी घेण्याआधी तपासणी करा. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात मर्कॅप्टोप्युरिन महिनोन्‌महिने देतात, तेव्हा तर हे सांगायलाच हवं.

लायडनचा_सातारकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो, म्हणून इकडचं सांगतो. इथे फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ मध्येच जीन आणि औषध यांच्या जोड्यांवर सल्ले तयार करणारा गट स्थापन केला. महत्त्वाचं पाऊल पुढचं: ते सल्ले देशभरातली औषध दुकानं जो औषधकोश संगणकात वापरतात त्यातच घातले. जीनचा निकाल दुकानात नोंदवलेला असला की औषध देताना पडद्यावर सूचना येते.

लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयाच्या पुढाकाराने युरोपातल्या सात देशांत जवळपास ७,००० रुग्णांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आधीच १२ जीन तपासून औषध दिलं तर त्रासदायक दुष्परिणाम ३० टक्क्यांनी कमी झाले. त्या रुग्णांना एटीएम कार्डाएवढं कार्ड दिलं होतं. ताई, तुम्ही तसंच बनवून घ्या. क्यूआर कोडमध्ये मूळ रिपोर्ट ठेवा, पण औषधांची नावं कार्डावर ठळक छापा, म्हणजे स्कॅन करायला कुणाला वेळ नसला तरी वाचता येतील.

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे आभार. पोटाच्या डॉक्टरांचं उत्तर आईला वाचून दाखवलं. “माझ्याकडूनबी आलंय व्हय?” म्हणाली आणि गप्प बसली. तिला समजावलं, तुझ्याकडून डोळे पण आलेत त्याचे.

कार्ड झालं. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत: अ‍ॅझाथायोप्रिन आणि मर्कॅप्टोप्युरिन देऊ नये, एनयूडीटी१५ टीटी, तपासणीची तारीख, आधीच्या डॉक्टरांचा नंबर. खाली, मेसालामाइन आणि बायोलॉजिक इंजेक्शनांना अडचण नाही. लॅमिनेशन करून दोन प्रती काढल्या, एक त्याच्या पाकिटात, एक ट्रॅक्टरच्या कागदपत्रांच्या पिशवीत.

काल कार्ड घेऊन त्याच मेडिकलमध्ये गेले. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, मग बिलाच्या संगणकात भावाचा मोबाइल नंबर टाकून नावाचा रकाना उघडला. दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्यांनी नावाच्या पुढेच टाइप केलं: ‘अ‍ॅझाथायोप्रिन नको’. आता त्याच्या प्रत्येक बिलावर ते छापून येतं.