रुंबा: नाव एकाचं, चाल दुसऱ्याची

बॉलरूममध्ये, म्हणजे जोडीनं स्पर्धेत वगैरे नाचला जाणारा रुंबा हा क्युबाचाच रुंबा नाच, फक्त संथ केलेला, असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. नाव रुंब्याचं असलं तरी चाल बोलेरो-सोन या क्युबाच्याच दुसऱ्या, संथ नृत्यसंगीताची आहे. क्युबातल्या हवाना-मातान्सास या शहरांच्या मूळ रुंब्यात ढोल, लाकडी खोकी आणि क्लावेस (एकमेकींवर आपटायच्या दोन काठ्या) वाजतात. त्यातल्या ग्वाग्वांको या जोडीच्या प्रकारात नाचणारे एकमेकांना धरतही नाहीत. पुरुष हुलकावणी देत झेपावतो, बाई स्कर्टचा घोळ पुढे ओढून त्याला परतवते.

बॉलरूमच्या रुंब्यात दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकणं मात्र अस्सल क्युबन. लंडनचे नृत्यशिक्षक पियेर १९४७ मध्ये क्युबात गेले आणि ही पद्धत घेऊन आले. समेवर पाऊल टाकायची माझी सवय मोडायला दोन महिने लागले. ‘एक’ला पाऊल पडत नाही, फक्त कंबर सावकाश बाजूला सरकते. किती सुंदर थांबणं आहे ते!