मदत हवी आहे: रेडिओ आणि मेमरी कार्ड दोन्ही असलेला छोटा प्लेयर (रविवारच्या आत)

रानजाई (गुरुवार, सकाळी ९:४०)
वडिलांसाठी एमपीथ्री प्लेयर घ्यायचाय. रेडिओ हवा आणि कार्ड टाकता आलं पाहिजे. बजेट ३००० पर्यंत. आधीचा होता तो बंद पडला, तसाच आता कुठे दिसत नाही. रविवारी पहाटे गावी निघतेय, म्हणजे शनिवारी हातात पाहिजे. ऑनलाइन बघितलं तर शंभर नावं, एकही ओळखीचं नाही आणि सगळ्यांना साडेचार स्टार. कोणी स्वतः वापरलेला असेल तर फक्त नाव सांगा. आणि कृपया "फोनवरच ऐका" सांगू नका.

ठोकळा (९:५२)
फोनवरच ऐका.
गंमत नाही करत. नोकियाचा बटणांचा ११० घ्या. एफएम आहे, ३२ जीबीपर्यंत कार्ड चालतं, एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस बघायला नको. १०५ घेणार असाल तर कार्डाची खाच आहे का ते आधी बघा, आमच्याकडच्या जुन्यात नव्हती. वर टॉर्च फुकट.

आजोळ (१०:०५)
आधीचा कुठल्या कंपनीचा होता? बंद पडला म्हणजे नक्की काय झालं? चार्ज होत नाही, की लागतो पण आवाज नाही? बऱ्याचदा नुसती बॅटरी गेलेली असते.

खर्जातला सा (१०:३१)
तीन हजारात खेळणं घेण्यापेक्षा थोडं वाढवा आणि फिओ किंवा शानलिंगचा एखादा छोटा प्लेयर घ्या. वडील शास्त्रीय ऐकत असतील तर गाणी फ्लॅकमध्ये (आवाज न कापणारा फाइलचा प्रकार) भरा. एमपीथ्रीत तानपुरा ऐकणं म्हणजे पिठलं गार करून खाणं. चांगले इअरफोन मात्र हवेत, दोन-अडीच हजार त्यासाठी वेगळे धरा.

मिलीअँप (१०:३८)
सा, त्यात रेडिओ आहे का?

खर्जातला सा (१०:४४)
या वर्गातल्या बहुतेकांत नसतो. पण आता रेडिओ ऐकतं कोण?

मिलीअँप (१०:४५)
ज्यांच्यासाठी हा धागा काढलाय ते. पहिल्या ओळीत लिहिलंय.

परदेशी_पाखरू (११:२०)
सॅनडिस्कचा क्लिप जॅम. डोळे मिटून घ्या. मी इथे न्यू जर्सीत कित्येक वर्षं वापरतोय, एफएम आहे, कार्ड आहे, बर्फ काढतानाही खिशात असतो. क्लिप स्पोर्ट गो नावाचा घेऊ नका, त्यात रेडिओ आहे पण कार्ड नाही. तिकडे मिळत नसेल तर डिसेंबरात येताना घेऊन येतो.

रानजाई (११:४१)
@परदेशी_पाखरू, धन्यवाद, पण रविवार हो. या रविवारी.
@ठोकळा, फोन देऊन झाला. ऐकता ऐकता कोणाचा फोन आला की गाणं थांबतं, मग ते परत कसं लावायचं म्हणून मलाच फोन येतो.
@आजोळ, कंपनी आठवत नाही. निळा होता, साधारण साबणाच्या डबीएवढा, पुढे जाळी. गोठ्यात खुंटीवर टांगलेला असायचा. पावसाळ्यात पाण्याच्या बादलीत पडला, त्यामुळे दुरुस्तीचा विषय संपला.

मिलीअँप (११:४७)
जाळी? म्हणजे स्पीकर होता?

रानजाई (११:५०)
हो मग? स्पीकर असतोच ना. बाबा कानात काही घालत नाहीत, एका कानाला यंत्र आहे.

मिलीअँप (११:५८)
अहो, हे आधी सांगायचं! वर सुचवलेल्यांपैकी फोन सोडला तर सगळे कानात वायर घालून ऐकायचे आहेत. त्यांत इअरफोनची वायर हीच रेडिओची अँटेना असते, ती काढली की एफएम बहुधा गप्प. तुम्हाला हवाय तो प्लेयर नाही, कार्ड घालता येणारा छोटा रेडिओ. दुकानात "एमपीथ्री प्लेयर" म्हणालात तर वेगळीच वस्तू हातात देतील.

दुपारची_झोप (१२:१०)
कारवाँ घ्या ना! आमच्या आईला घेतला, जुनी हजारो गाणी आधीच भरलेली, कटकट नाही. मराठीचाही मिळतो.

ठोकळा (१२:१४)
तो तीन हजारात बसायचा नाही. आणि आतली गाणी बदलता येत नाहीत, स्वतःची हवी असतील तर पेनड्राइव्ह लावायचा. त्यांना कार्ड हवंय.

दुपारची_झोप (१२:१६)
पेनड्राइव्ह काय आणि कार्ड काय, एकच.

रानजाई (१२:३०)
एकच नाही. बाहेर आलेला पेनड्राइव्ह गोठ्यात दोन दिवस टिकणार नाही, म्हैस शेपटी मारते. आणि गाणी नकोच आहेत. गावच्या सप्त्यातली कीर्तनं चुलतभावाने रेकॉर्ड करून ठेवलीत, सहा-सात वर्षांची, ती हवीत. तास-तास, दोन-दोन तासांची. बाकी वेळ रेडिओ.

सुपारी (१२:५२)
कीर्तनं कॅसेटवर असतील तर आधी डिजिटल करून घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिमीची वायर लॅपटॉपच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, आणि रेकॉर्ड. आवाज दबका आला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून बघा, 'स'चा आवाज स्वच्छ झाला की थांबायचं. हेड आधी स्पिरिटने पुसून घ्या. मी अशा १४० कॅसेट केल्या, दोन उन्हाळे गेले.

आजोळ (१२:५५)
कॅसेट कुठून आली मध्येच?

सुपारी (१२:५७)
सांगून ठेवलं. कोणाला तरी लागेल.

मिलीअँप (१३:२०)
रानजाई, आता दोनच प्रश्न. गाव कुठे आणि रेडिओवर नेमकं कुठलं स्टेशन ऐकतात?

रानजाई (१४:०५)
मीटिंगमध्ये होते. भोरच्या पुढे, अगदी डोंगराच्या कुशीत. ऐकतात पुणे. सकाळच्या बातम्या, संध्याकाळी शेतीचं काहीतरी. याचा प्लेयरशी काय संबंध? मला नाव सांगा ना कुणीतरी.

मिलीअँप (१४:३२)
संबंध सगळा इथेच आहे. बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम म्हणजे पुण्याची मूळ वाहिनी, ७९२ किलोहर्ट्झ, मध्यम लहरी म्हणजेच एएम. "३७८.८ मीटर्स अर्थात ७९२ किलोहर्ट्झवर" ही उद्घोषणा तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असेल. ही वाहिनी नुसत्या एफएमच्या प्लेयरमध्ये लागणारच नाही, मग तो ५०० चा असो की ५०,००० चा. तुमच्या निळ्या डबीला वरच्या बाजूला एएम-एफएम असं बटण असणार.
मध्यम लहरींना आत फेराइटची काळी कांडी लागते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. खिशातल्या चपट्या प्लेयरमध्ये तिला जागाच नसते.

ठोकळा (१४:४०)
पुण्याचं एफएम आहे की, १०१. ते लावा.

मिलीअँप (१४:४९)
१०१ विविध भारती आहे. तिथे शेतीच्या जागी फर्माइशी ऐकाव्या लागतील. शिवाय भोरच्या पुढे डोंगराआड एफएम धड येणं नशिबावर. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, डोंगर आडवा आला की पलीकडे तिची सावली पडते. ७९२ ची लहर पावणेचारशे मीटरची, ती जमीन धरून डोंगर ओलांडते. म्हणून तर गावोगाव अजून जुने रेडिओ चालू आहेत.

खर्जातला सा (१४:५५)
आकाशवाणीचं ॲप आहे, बरीच केंद्रं लागतात, आवाजही स्वच्छ. मध्यम लहरींची ती खरखर कशाला?

रानजाई (१५:०१)
रेंजसाठी बाबांना देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ॲप नको. फ्लॅक नको.

परदेशी_पाखरू (१५:४४)
मग इकडून एखादा चांगला एएम-एफएम डिजिटल रेडिओ आणू का? अमेरिकेत एएम अजून जोरात आहे.

मिलीअँप (१५:५२)
आणाल तर आधी पायरी बघा. तिकडे एएमची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतरावर, आपल्याकडे ९ च्या. ७९२ ला ९ ने भाग जातो, १० ने नाही. तिकडच्या कित्येक डिजिटल सेटवर ७९० नंतर थेट ८०० येतं आणि पुणे मधल्या फटीत राहतं. ९-१० बदलायची सोय असेल तरच. काटा फिरवून स्टेशन लावायचा असेल तर प्रश्न नाही.

रानजाई, तुम्ही पुण्यात आहात असं धरतो. शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. "एएम लागणारा, कार्डाचा, चार्जिंगचा रेडिओ" असं मागा. ब्रँडचं नाव मी सांगणार नाही, कारण तीच वस्तू दर सहा महिन्यांनी नव्या नावाने येते. त्याऐवजी हे बघा. कार्डाच्या खाचेवर "टीएफ" लिहिलेलं असतं, ते मायक्रो एसडीचंच जुनं नाव, गोंधळू नका. मागचं झाकण उघडून आत बीएल-५सी बॅटरी आहे का बघा. नोकियाच्या जुन्या फोनची तीच, भोरच्या बाजारातही मिळेल. आत डकवलेली बॅटरी असेल तर दीड-दोन वर्षांनी सेट टाकायचा. कार्ड ३२ जीबीचंच घ्या, ६४ चं नको. ६४ आणि वरची कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात आणि हे स्वस्त सेट फॅट३२ च वाचतात. आणि दुकानातच पुणे लावून ऐका, नुसती खरखर ऐकून पैसे देऊ नका.

खर्जातला सा (१६:१०)
३२ जीबीत काय होणार?

मिलीअँप (१६:१४)
कीर्तन ६४ केबीपीएस मोनोत, म्हणजे हलक्या दर्जाच्या लहान फाइलमध्ये, ठेवलं तर तासाला २९ एमबी. ३२ जीबीत हजार तासांच्या वर बसतं. रोज दोन तास ऐकलं तरी दीड वर्ष.

खर्जातला सा (१६:१७)
६४ मोनो!! टाळ कसे ऐकू येतील?

आजोळ (१६:२०)
गोठ्यात ऐकायचेत हो.

रानजाई (सोमवार, रात्री ९:१५)
परत आले. घेतला. १४५० चा, काट्याचा, लाल रंगाचा, बीएल-५सी वाला. पहिल्या दोन दुकानांत "मॅडम, एएम आता कोण ऐकतं" म्हणून एफएमचेच पुढे करत होते. तिसऱ्याने माळ्यावरून खोकं काढलं. दुकानात आत नुसती गुरगुर, म्हणून त्याला घेऊन रस्त्यावर आले, तिथे पुणे लागलं. एक रिक्षावाला थांबून ऐकत होता.

गावी पण लागतं. गोठ्यात आडवा टांगला तर बारीक येत होता, बाबांनीच खुंटी बदलली आणि तो उभ्याचा आडवा, आडव्याचा तिरका करत करत एका जागी मोठा झाला. आता तिथून हलवायचा नाही असा हुकूम आहे.

दोन अडचणी. चार्जर लावला की पुणे बुडतं, नुसतं घूं ऐकू येतं. आणि कार्डातली कीर्तनं उलटीपालटी वाजतात. आधी उत्तररंग, मग कुठलंतरी तिसरंच, मग पूर्वरंग. नावं तर मी नीट दिलीत, १ २ ३ करून. सेट खराब आहे का?

मिलीअँप (रात्री ९:४०)
सेट ठीक आहे. घूं चार्जरचं आहे, एलईडी बल्बही तसंच करतात. रात्री चार्ज करायचा, दिवसा ऐकायचा. दिशेचं बाबांनी स्वतःच शोधलं, आतली कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी आली की स्टेशन मोठं होतं.
कीर्तनांचं असं की हे सेट नाव वाचत नाहीत, फाइल कार्डावर ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवतात. पुढच्या खेपेला कार्ड रिकामं करून फॉरमॅट करा आणि एकेक फाइल क्रमाने कॉपी करा, सगळ्या एकदम उचलून टाकू नका. नाहीतर ड्राइव्हसॉर्ट नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते आहे त्या कार्डावरच क्रम लावून देतं.

रानजाई (रात्री ९:४८)
म्हणजे परत गावी जायला लागणार. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले राहू दे, शेवट आधी कळला तरी कथा माहीतच आहे.

सुपारी (रात्री १०:०२)
कार्डातली कीर्तनं कॅसेटवर घेऊन ठेवा एकदा. कार्ड कधी दगा देईल सांगता येत नाही.

परदेशी_पाखरू (रात्री १०:३०)
मग क्लिप जॅम आणू की नको?