ढगात शिरल्यावर काय करायचे, हे जमिनीवरच शिकावे लागते

जुळे सोलापूर (निवृत्त सुभेदार)

काल ‘विजापूर रोड’ या नावाने लिहिणाऱ्या सदस्यांनी आपल्या या सोलापूरच्या गटावर लिहिले की, लष्कराने हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर (जमिनीवर बसून उड्डाणाचा सराव करण्याच्या यंत्रावर) कोट्यवधी रुपये खर्च करणे म्हणजे मोठ्या माणसांना व्हिडिओ गेम घेऊन देणे आहे. पोहायला शिकायचे तर विहिरीत उडी मारावी लागते आणि वैमानिक आकाशातच घडतो, असे त्यांचे म्हणणे. मी आर्मी एव्हिएशनमध्ये (लष्कराच्या हवाई शाखेत) तंत्रज्ञ म्हणून २२ वर्षे काढली आहेत. हे वाचून दोन ओळींत उत्तर देणे मला जमणार नाही.

विहिरीचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे पोराला विहिरीत ढकलतात, पण आधी त्याच्या पाठीला डबा बांधतात आणि बाप किंवा काका पाण्यात उतरून उभा असतो. हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा हवेत निकामी झाला, तर पाठीला बांधायला काहीच नसते. मुख्य पंखा एका दिशेने फिरतो म्हणून सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला रोखून धरणारा शेपटीचा पंखाच गेला की अख्खे यंत्र गरगरू लागते. हा प्रसंग सरावासाठी खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये घडवून आणता येत नाही. व्होर्टेक्स रिंगचेही तसेच आहे. कमी वेगात झपाट्याने खाली उतरताना हेलिकॉप्टर स्वतःच्याच पंख्याने खाली लोटलेल्या हवेत सापडते, आणि वैमानिकाने घाबरून डाव्या हातातला कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) वर ओढला, तर ते वर येण्याऐवजी आणखी वेगाने खाली जाते. सायक्लिक (हेलिकॉप्टरला पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा) पुढे ढकलून त्या हवेतून बाहेर पडायचे असते, पण हात तसे करायला आपणहून तयार होत नाही. तो तयार व्हायला अनेकदा चुकावे लागते आणि तितक्या वेळा चुकण्याची सोय आकाशात नाही.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ व्ही५ कोसळले. तिन्ही दलांच्या चौकशीने यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जीपणा या तिन्ही शक्यता फेटाळल्या. दरीतील हवा अचानक बदलली, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाचे दिशाभान गेले आणि यंत्र जमिनीवर आदळले, असा निष्कर्ष निघाला. याच प्रसंगाची तालीम सिम्युलेटरवर रोज घेता येते.

विजापूर रोड

सुभेदार साहेब, तुमच्या नोकरीचा मला पूर्ण आदर आहे, परंतु तुमचेच उदाहरण तुमच्या विरोधात जाते. देशाच्या सर्वोच्च सेनाधिकाऱ्याला घेऊन जाणारा वैमानिक नवशिका नव्हता. इतक्या अनुभवी माणसालाही जे टाळता आले नाही, ते बंद खोलीतल्या पडद्यासमोर बसून टाळता येईल, हे मला पटत नाही.

मी ३१ वर्षे प्रवासी गाडी चालवली. तुळजापूरच्या घाटात उतारावर माझे ब्रेक गेले, तेव्हा मागे ४० माणसे होती आणि त्यांतले एक तान्हे बाळ सतत रडत होते. गिअर खाली आणत, डोंगराच्या बाजूला चाके घासत मी गाडी उभी केली. त्यानंतर माझा पाय दोन तास थरथरत होता. ती थरथर कोणत्या सिम्युलेटरमध्ये मिळते? जिवाची भीती नसेल, तर माणूस जे शिकतो ते पाठांतर असते.

रेल्वे लाईन्स

भीतीविषयी मी बोलू शकते, कारण माझा मुलगा या सेवेत आहे. प्रशिक्षणाच्या काळात एका रात्री त्याने फोन केला आणि म्हणाला, “आई, आज मी तीनदा पडलो.” माझ्या हातातली परात खाली पडली. मग त्याने सांगितले की हे सगळे सिम्युलेटरमध्ये झाले. मागे बसलेल्या प्रशिक्षकांनी त्याला न सांगता इंजिन बंद केले, आणि पंख्याचे फेरे टिकवण्यासाठी एक-दोन सेकंदांत कलेक्टिव्ह खाली न्यायला तो तीनही वेळा उशीर करत गेला. बाहेर आला तेव्हा शर्टाची पाठ पूर्ण भिजलेली होती. दादा, घाम खरा होता. माझा मुलगा तीनदा पडूनही मला फोन करू शकला, यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

अशोक चौक (कान-नाक-घसा तज्ज्ञ)

ताईंच्या भावना मी समजतो, तरीही एक बाजू राहून जाते. ढगात दिशाभान जाते ते आतल्या कानामुळे: अगदी सावकाश घेतलेले वळण कानातल्या द्रवाला जाणवतच नाही, आणि माणसाला आपण सरळ चाललो आहोत असे ठामपणे वाटते. सिम्युलेटरमध्ये नेमके उलटे होते. डोळ्यांना वेग दिसतो, पण कानाला तो तितका मिळत नाही. त्यामुळे मळमळ, डोकेदुखी आणि तोल जाणे हे त्रास होतात, आणि प्रत्यक्ष उड्डाणाची सवय असलेल्या अनुभवी वैमानिकांना ते अधिक होतात. म्हणून सिम्युलेटरनंतर काही तास उड्डाण न करण्याची पद्धत सैन्यदलांत आहे. ‘खऱ्यासारखे’ हा शब्द जपून वापरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सात रस्ता

मी हेलिपॅड तयार करण्याची कामे केली आहेत, म्हणून धुळीबद्दल लिहितो. मे महिन्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हेलिपॅड करायचे म्हणजे आदल्या रात्रीपासून टँकरने पाणी मारावे लागते. एकदा टँकर उशिरा आला. हेलिकॉप्टर ५० फुटांवर असताना जी धूळ उठली, तिच्यात आम्ही चुन्याने काढलेला वर्तुळातला एच आम्हालाच दिसेना. वैमानिकाने ते वर नेले, दहा मिनिटे घिरट्या घातल्या आणि मग उतरवले. शत्रूच्या प्रदेशात टँकरने पाणी मारायला कोण येणार आहे?

२४ एप्रिल १९८० रोजी इराणच्या वाळवंटात अमेरिकेची ओलिसांना सोडवण्याची मोहीम रद्द झाल्यानंतर, परतीच्या तयारीत असलेले एक हेलिकॉप्टर अशाच धुळीत सी-१३० विमानावर आदळले आणि ८ जण मेले. तेव्हा ‘विजापूर रोड’, तुम्ही घाटात गाडी थांबवलीत त्याला माझा नमस्कार, पण तुम्हाला रस्ता दिसत होता. काहीच दिसेनासे झाल्यावर काय करायचे, ते आधी सिम्युलेटरवरच शिकावे लागते.

होटगी रोड

सगळे जण मूळ दुखणे सोडून बोलत आहेत. सियाचीनच्या चौक्यांवर रसद पोहोचवणारे चीता आणि चेतक ही हेलिकॉप्टर १९५० ते १९७० च्या दरम्यानच्या फ्रेंच आराखड्यांवर बनलेली आहेत. चीतामध्ये ऑटोपायलट नाही. २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे ही हेलिकॉप्टर सेवेतून काढा अशी मागणी ठेवली होती. त्यांची जागा घेण्यासाठी एचएएल या सरकारी विमान कंपनीने बनवलेले हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले. त्यानंतर किती वर्षे गेली ते मोजा. माझा शाळेतला मित्र चीता उडवत होता. तो आज नाही. त्याच्या घरच्यांना सिम्युलेटरचे कौतुक सांगायला मी जाणार नाही, आणि इथेही ऐकून घेणार नाही.

जुळे सोलापूर (निवृत्त सुभेदार)

तुमच्या मित्राला माझी आदरांजली. चीताच्या इंजिनाखाली मी स्वतः हिवाळ्यातल्या पहाटे हातमोजे काढून काम केले आहे, कारण हातमोज्यांनी बारीक नट धरता येत नाही. ते यंत्र म्हातारे झाले आहे, हे मला तुमच्याकडून शिकायचे नाही. पण नवे यंत्र येईपर्यंत त्यात बसणाऱ्या पोरांना काय सांगायचे? थांबा म्हणून?

होटगी रोड

होय, थांबा म्हणूनच सांगायचे. सिम्युलेटर आहे, तालीम झाली आहे, मग आणखी पाच वर्षे जुनेच चालवा, असा युक्तिवाद वर जातो आणि वरच्यांना तो आवडतो. माझा राग यंत्रावर नाही, या सोयीस्कर विचारावर आहे.

सात रस्ता

वरच्या चौकीवर जवान आजारी पडला तर ‘थांबा’ कोणाला सांगणार? तुम्ही रागाच्या भरात लिहीत आहात.

होटगी रोड

मित्र गमावल्यावर माणूस रागानेच लिहितो. तुमचा टँकर उशिरा आला होता, माझा मित्र परतच आला नाही.

रेल्वे लाईन्स

कृपा करून दोघांनीही थांबा. माझा मुलगा आज उड्डाणावर आहे.

विजापूर रोड

ताईंच्या विनंतीनंतर माझा आवाज खाली आणतो, पण प्रश्न मागे घेत नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळले आणि नंतर काही महिने ध्रुवचा ताफा जमिनीवर होता. त्या काळात वैमानिकांनी सिम्युलेटरवर हात चालता ठेवला असेल, पण ते उड्डाण मानायचे का? उद्या इंधन वाचते म्हणून उड्डाणाचे तास कापले आणि पडद्यावरचे तास वाढवले, तर सुभेदार साहेब, तुम्ही विरोध कराल का?

जुळे सोलापूर (निवृत्त सुभेदार)

करीन, आणि नाव घालून करीन. सिम्युलेटरचे तास उड्डाणाच्या तासांची जागा घेऊ लागले, तर मी तुमच्या बाजूला उभा राहीन. पण हे नवे फॅड नाही. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले, तेव्हा हिवाळ्यातल्या खराब हवेत वैमानिक एकामागून एक मेले. त्याच वर्षी सैन्याने एडविन लिंक यांची प्रशिक्षण-पेटी घेतली. लिंक यांच्या घरचा पियानो-ऑर्गनचा कारखाना होता आणि ती पेटी ऑर्गनच्या भात्यांवर डोलत असे. आत झाकण लावून बसायचे, बाहेरचे काही दिसू द्यायचे नाही, आणि फक्त समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर भरवसा ठेवायला शिकायचे. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेला कानाचा खोटेपणा पचवायचा मार्ग तेव्हाही हाच होता.

शिवाय सगळे एकट्या वैमानिकाबद्दल बोलत आहेत. अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरमध्ये गनर (शस्त्रे चालवणारा) पुढे बसतो आणि वैमानिक त्याच्या मागे, थोडा उंचावर. समोरासमोर पाहून खूण करण्याची सोय नाही, सगळे हेडफोनवरून बोलायचे. संकटात कोणी काय बोलायचे, कोणी गप्प राहायचे, ही सवय दोघांना एकत्र बसवून, प्रसंग मध्येच थांबवून, पुन्हा पहिल्यापासून चालवूनच लागते. हवेत प्रसंग थांबवता येत नाही.

विजापूर रोड

शेपटीच्या पंख्याचे मान्य करतो, कारण ते हवेत करून दाखवता येत नाही हे खरे आहे. दोघांच्या बोलण्याचेही मान्य. माझ्या गाडीत त्या दिवशी वाहक सतत ओरडत होता आणि त्याला गप्प करण्यात माझे मोलाचे क्षण गेले, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. पण भीतीचे मान्य नाही, आणि ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द मी ताईंसाठी मागे घेतो, तुमच्यासाठी नाही.

होटगी रोड

चीताबद्दल माझा शब्द कायम आहे.

रेल्वे लाईन्स

आत्ताच त्याचा निरोप आला. उतरला आहे.