मोडस पोनेन्स: स्वतंत्र नियम कशासाठी?

प्रश्न: ‘प आणि (प तर फ) असेल, तर फ’ हे विधान सत्यता-कोष्टकाच्या (प आणि फ सत्य-असत्य असण्याच्या सर्व शक्यता मांडणाऱ्या तक्त्याच्या) चारही ओळींत सत्य ठरते. मग मोडस पोनेन्स (‘प’ आणि ‘प तर फ’ यांवरून ‘फ’ हा निष्कर्ष काढणे) हा अनुमानाचा स्वतंत्र नियम मानण्याऐवजी हेच विधान आधारविधानांमध्ये जोडून का भागत नाही?

उत्तर १: भागत नाही, कारण ते विधान जोडल्यावरही त्यातून ‘फ’ सुटे काढून निष्कर्ष म्हणून मांडायला पुन्हा तोच नियम लागतो, त्यासाठी आणखी एक विधान जोडले, तर तीच अडचण एक पायरी वर सरकते आणि ही साखळी कधीच संपत नाही. लेखक व तर्कशास्त्रज्ञ लुईस कॅरल यांनी १८९५ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात अकिलीस आणि कासव यांच्या संवादातून (त्यात कासव आधारविधाने मान्य करते, पण निष्कर्ष मानत नाही) नेमके हेच दाखवले होते.

उत्तर २: सहमत. तर्कशास्त्रज्ञ गेंट्झेन यांच्या नैसर्गिक निगमनात (सिद्धता मांडण्याच्या एका पद्धतीत) तर जवळजवळ सगळा भार आधारविधानांऐवजी नियमांवरच आहे.

प्रश्नकर्ता: परंतु कोष्टकाच्या आधारे या नियमाची ग्राह्यता सिद्ध करतानाही आपण तोच नियम वापरत नाही का?

उत्तर १: वापरतो, आणि माझ्या मते हा चक्रकदोष (जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे) टाळता येत नाही. कोष्टकामुळे नियम का चालतो ते कळते. नियमच नाकारणाऱ्या कासवाला मात्र त्याने पटवता येणार नाही.