मदत हवी आहे: शहराच्या मध्यभागी स्वस्त आणि बरा नाश्ता कसा शोधायचा?

नमस्कार मंडळी, कामानिमित्त एका मोठ्या शहरात जातोय, राहायचं एकदम मध्यवर्ती बिझनेस एरियात आहे, रूमच्या भाड्यात नाश्ता धरलेला नाही आणि हॉटेलचा बुफे घ्यायचा तर खिसाच रिकामा, शिवाय सकाळी सकाळी एवढं खातं कोण? मॅपवर बघितलं तर जवळपास सगळे चेन कॅफे, बाकीची ठिकाणं उशिरा उघडणारी आणि मला आठला बाहेर पडायचंय. रेटिंगवर माझा फार भरवसा नाही, निम्मे लोक फोटोसाठीच जातात.

पण तिथले ऑफिसवाले, सफाईवाले, ड्रायव्हर कुठेतरी खातच असतील ना? मेन रोड सोडून मागच्या गल्ल्यांत किंवा स्टेशन, हॉस्पिटल, मार्केटच्या आसपास लवकर उघडतं आणि स्वस्त मिळतं म्हणतात, हे खरंच चालतं का? आणि शनिवार-रविवारी ऑफिसं बंद असली की ही ठिकाणंही बंद असतात, तेव्हा काय करता?

सुपरमार्केटमधून दही, फळं, ब्रेड आणून रूमवर खाता येईल, पण रोज गार खायचा कंटाळा येतो हो. गरम, पोटभर आणि बसायला जागा, बस. फॅन्सी कॅफे सुचवू नका प्लीज.