थंडी जाता जाता घालायचं काय? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए-७०३: नमस्कार सगळ्यांना. कपड्यांबद्दलचा प्रश्न आहे, इथे विचारला तर चालेल ना? सकाळी पावणेसातला गाडीवर हिंजवडीला निघते तेव्हा बोटं आखडतात. ऑफिसात एसी. दुपारी जेवायला बाहेर पडलं की घाम. परत येईपर्यंत पुन्हा गार. जाड हुडी घालते, पण आत कुठला तरी जुना टी-शर्ट असतो, म्हणून उकडलं तरी काढता येत नाही. चारही वेळा चालेल आणि छानही दिसेल असं तुम्ही सगळ्या काय घालता?

सी-१०१ आजोबा: विचार की. आज पहाटे फिरायला निघालो तेव्हा मोबाईलवर १२ अंश होते, काल दुपारी ३२ होते. वीस अंशांचा फरक! आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्रीतून भराभर निवते. मुंबईला समुद्रामुळे पुण्याइतकी तफावत नसते. त्यात आपलं पाषाण. मगरपट्ट्यात माझा धाकटा भाऊ राहतो, त्याच्याकडे पहाटे असा गारठा नसतो.

बी-४०२ काकू: अगं, तुझं दुखणं थंडीचं नाहीच, आतल्या टी-शर्टचं आहे. फेब्रुवारी महिन्यात कपडे दुपारच्या दोनसाठी ठरवायचे आणि सकाळच्या सातसाठी झाकायचे. आधी कुर्ता निवड, असा की तो एकटा घालून मीटिंगला बसता येईल. त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. सगळ्यात वर गाडीपुरतं विंडचीटर. गाडीवर गारठा वाऱ्याने लागतो, तेव्हा वारा अडला की काम झालं, त्याला जाड कापड लागत नाही. ऑफिसला पोचलीस की विंडचीटर डिकीत. जेवायला निघताना जाकीट खुर्चीला. प्रत्येक वेळी जे उरेल ते पूर्ण दिसलं पाहिजे, अर्धवट काढल्यासारखं नाही.

ए-७०३: हे पटलं काकू. जाकीट आहे माझ्याकडे, प्रदर्शनात खादीचं म्हणून घेतलेलं. पण त्यात इतकं उकडतं की दुपारी नकोसं होतं. खादी उन्हाळ्यात चांगली म्हणतात ना?

बी-४०२ काकू: ते उलटं करून अस्तर बघ. हाताला गुळगुळीत, सुळसुळीत लागतंय का? दोन बोटांत चोळल्यावर चुरचुर आवाज येतो का?

ए-७०३: हो! दोन्ही.

बी-४०२ काकू: मग ते पॉलिस्टर. अंगाला तेच लागतं, खादी नाही. ते घाम शोषत नाही, आणि सकाळी गाडीवर तेच गार पडतं. हातानं कातलेलं सूत सगळीकडे एकसारखं नसतं, कापडात बारीक बारीक मोकळी जागा राहते. दुपारी तिथून हवा खेळते, सकाळी तीच हवा ऊब धरून ठेवते. पॉलिस्टरचं अस्तर लावलं की हे सगळं वाया. अस्तर उसवून मलमलचं लावून घे. मात्र मलमल आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे दे. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, जाकीट आतून ओढलं जातं आणि खालची कड वर वळते. कितीतरी चांगली जाकिटं अशी फुकट गेलेली मी शिवणाच्या क्लासमध्ये बघितली आहेत. फार वाईट वाटतं, कारण वरचं कापड अजून कितीतरी वर्षं टिकलं असतं.

बी-३०३: आत्ताच कपाटातली तिन्ही जाकिटं उलटी केली. तिन्ही चुरचुरतात.

ए-२०४: काकू, पुरुषांच्या जाकिटांनाही हेच?

बी-४०२ काकू: हेच. उलट जास्त. बाहेरून कितीही छान असू दे, आत सगळं सुळसुळीत. घेताना दुकानातच आतून हात घालून बघायचं. तुम्ही मुलगे बाहेरचा रंग बघून पैसे देऊन मोकळे होता.

बी-५०१ सचिव: मधेच लिहितो, माफ करा. उद्या वरच्या टाकीची सफाई आहे. सकाळी १० ते १ पाणी नसेल. कृपया भरून ठेवावं.

बी-३०३: नोंद घेतली. काकू, मुलांचं सांगा. सातची शाळा, स्वेटर घालून जातात, दुपारी हातात. आणि आठवड्यातून एकदा हरवतात.

बी-४०२ काकू: त्यांना जाड स्वेटरऐवजी शर्टाच्या आत बाह्यांचं सुती बनियन घाल आणि वर पातळ स्वेटर. आतून नाव शिवून टाक, पेनाने लिहिलेलं धुण्यात जातं. मुलांचं एवढंच, त्यांना धावायचं असतं.

बी-६०१: काकू, माझं जरा अवघड आहे. या महिनाअखेर नाशिकला भाचीचं लग्न आहे. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, रिसेप्शन संध्याकाळी लॉनवर. डिसेंबरमध्ये असंच एक रिसेप्शन झालं, आम्ही सगळ्या पैठण्या नेसून कुडकुडत होतो, पण स्वेटर कुणी घालेना. पैठणीवर स्वेटर कसा दिसणार? आणि दुपारी त्याच पैठणीत उकडणार.

बी-४०२ काकू: दोन वेळा, दोन साड्या. दुपारी महेश्वरी नेस. उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा, म्हणून चमक रेशमाची आणि अंगाला हलकी. तिचे काठ दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, लग्नाच्या धावपळीत पदर उलटा पडला तरी बिघडत नाही. आणि अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेलं वस्त्र आहे ते, लग्नात नेसायला कमी समजू नकोस. पैठणी संध्याकाळसाठी ठेव. रेशीम रात्री ऊब देतं, ते तिथेच शोभतं.

बी-६०१: आणि वरून?

बी-४०२ काकू: शाल. पण नीट ऐक, कारण इथेच सगळ्याजणी गडबड करतात. शाल दोन्ही खांद्यांवरून घेतली की पैठणीचा पदर झाकला जातो. एवढे विणलेले मोर, आणि ते शालीखाली! पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणून शाल उजव्या खांद्यावर. लांबीत दुमडून हातभर रुंदीची पट्टी कर. पुढचं टोक कमरेच्या थोडं खाली येऊ दे. मागचं टोक पाठीवरून, पदराच्या खालून फिरवून डाव्या कोपरावर घे आणि हात किंचित दुमडलेला ठेव. पाठ झाकली जाते, उजवा दंड झाकला जातो, पदर पूर्ण मोकळा. फोटोच्या वेळी डावा हात सरळ केला की शाल मागे जाते, पुन्हा दुमडला की जागेवर. पिन लावू नकोस, रेशमाला भोक पडतं. घरी आरशासमोर आधी सराव कर.

सी-३०५: काकू, हे लिहून ठेवलं. शाल कुठली चांगली?

बी-४०२ काकू: जमलं तर हिमरू. छत्रपती संभाजीनगरचं आपलं वस्त्र आहे. उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा, आणि नक्षीचे जादा धागे उलट्या बाजूला मोकळे राहतात. त्या मोकळ्या धाग्यांचाच एक मऊ थर होतो, ऊब त्यानेच येते. जाड लोकरीसारखी खांद्यावर फुगत नाही, अंगासरशी पडते. फेब्रुवारीच्या संध्याकाळी याहून योग्य काही नाही असं माझं ठाम मत आहे. एकच काळजी, ते मागचे धागे बांगडीत, अंगठीत अडकतात. म्हणून मागून मलमल लावून घ्यायची. हातमागावर हे विणणारे आता फार थोडे उरलेत. आपल्याच राज्यातली गोष्ट आपण नाही वापरायची तर कुणी?

सी-१०१ आजोबा: आमच्या लग्नात सौ.च्या माहेरून हिमरूची शाल आली होती. अजून आहे. रंग तसाच.

बी-६०१: ब्लाऊजच्या बाह्या?

बी-४०२ काकू: संध्याकाळच्या ब्लाऊजला कोपराच्या खाली चार बोटं. शाल सरकली तरी हात उघडा पडत नाही, आणि बांगड्या दिसायला जागा राहते. दुपारच्याला कोपरापर्यंत. खणाचं ब्लाऊज महेश्वरीवर फार सुंदर दिसतं. नवीन खण असेल तर शिवायच्या आधी पाण्यातून काढ.

डी-६०५ (सध्या दिल्ली): इथून वाचतोय. आमच्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुमच्यासारखं नाही, दुपारीही उन्हात बसावंसं वाटतं. लोक वसंत पंचमीला पिवळं घालतात, पण त्यावर लोकर असतेच. इथे काकूंचा नियम उलटा, वरचं जाकीटच दिवसभर दिसतं, म्हणून खर्च त्यावर करतात. मी मात्र पुण्याचा सुती कुर्ता आत घालतो. मार्चमध्ये एकदम गरम व्हायला लागतं, तेव्हा तोच कामाला येतो.

बी-४०२ काकू: बरोबर आहे तुमचं. जिथली हवा तिथला नियम.

ए-७०३: रंगांचं काय करू? माझं सगळं कपाट काळं आणि गडद निळं आहे.

सी-३०५: हे मी सांगते, रोज टेकडीवर जाते म्हणून. सध्या गिरीपुष्प फुललाय. पानं गळलेल्या फांद्यांवर फिका, जांभळट गुलाबी रंग. खाली वाळलेल्या गवताचा भुरकट पिवळा. मधेच काटेसावरीचा लालभडक. हे तीन रंग एकत्र घालून बघ! भुरका कुर्ता, गिरीपुष्पी ओढणी, आणि लाल फक्त कानात किंवा टिकलीत. संक्रांतीला आपण काळं नेसतो ते ठीक, काळा रंग ऊन शोषतो आणि तेव्हा ते हवंसं असतं. आता दुपारी काळा कुर्ता पाठीवर तापतो.

बी-४०२ काकू: किती छान सांगितलंस. आणि तुझं गडद निळं टाकून देऊ नकोस हं. जाकीट गडद, कुर्ता फिका. सकाळी गडद दिसेल, जाकीट काढलं की फिकं. दिवसाप्रमाणे तू बदललीस असं वाटतं, आणि नवीन काही घ्यावं लागत नाही.

ए-७०३: आणि स्कार्फ? गाडीवर बांधते तोच ऑफिसात गळ्यात घेते.

बी-४०२ काकू: तो नको. रस्त्याची धूळ, धूर सगळं त्यात बसतं, तोंडावर बांधलेला असतो. गाडीचा स्कार्फ वेगळा, सुती, रोज धुवायचा. एसीसाठी दुसरा पातळ स्टोल पर्समध्ये ठेव. मलमलचा मुठीत मावतो.

ए-२०४: पायात काय? बूट घातले की दुपारी पाय उकडतात.

सी-१०१ आजोबा: कोल्हापुरी. पावसाळ्यात भिजून खराब होते, मे महिन्यात रस्ता तापतो. तिचे खरे दिवस हेच. चामडं झाडांच्या सालीवर आणि हिरड्यावर कमावलेलं असतं, कोरड्या हवेत ताठरतं. तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवायचं. नवीन असेल तर आधी घरात वापरायची, एकदम लग्नाला घालून जाऊ नका. आणि भेगा बुजवून मगच पाय उघडे टाका. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी कुर्ता, जाकीट आणि कोल्हापुरी घालतो, दरवर्षी पाच जण तरी विचारतात कुठून घेतली.

ए-२०४: आजोबा, तुमचा तो हाताने विणलेला अर्धा स्वेटर पण भारी आहे.

सी-१०१ आजोबा: सौ.नी विणलाय. शर्टाच्या रंगाला जवळचा रंग घेते ती, म्हणून वेगळा उठून दिसत नाही. पोटही कमी दिसतं.

बी-३०३: काकू, शेवटचं. स्वेटर आता बांधून ठेवू का?

बी-४०२ काकू: होळीपर्यंत घरात माणशी एक बाहेर ठेव. बाकीचे आताच धू. लोकर न धुता ठेवली की कसर लागते. किड्याची अळी लोकर आणि रेशीम खाते, आणि घामाचे, जेवणाचे डाग पडलेली जागा आधी धरते. म्हणून कॉलर, बाह्यांची टोकं, पुढचा भाग नीट बघायचा. कोमट पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगला की लांब होतो. पूर्ण कोरडा झाला की जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहतं. डांबरगोळी ठेवणार असलीस तर पुरचुंडीत बांधून, कापडाला थेट लागू द्यायची नाही. पैठणीच्या घडीत तर मुळीच नको.

सी-१०१ आजोबा: होळी जळाली, थंडी पळाली!

बी-६०१: काकू, तुम्ही हे समोर दाखवाल का? शाल आणि अस्तर दोन्ही. लिहिलेलं वाचून पट्टी काही नीट जमेना.

बी-४०२ काकू: आनंदाने. रविवारी ११ वाजता क्लबहाऊसमध्ये या. सचिवसाहेब, किल्ली मिळेल का?

बी-५०१ सचिव: मिळेल. आमच्या सौ. पण येणार म्हणतात. मोठा आरसा आमच्याकडून आणतो.

ए-७०३: मी जाकीट घेऊन येते. टेलरचा नंबर पण हवा होता काकू.

बी-४०२ काकू: ग्रुपवर नको, तुला वेगळा पाठवते. आणि ज्यांना अस्तर उसवायचंय त्यांनी ब्लेड आणू नका, कापड चिरतं. मशीनच्या डब्यात शिवण उसवायचं छोटं दोन टोकांचं हत्यार असतं, तेच आणा. मलमल घरून भिजवून, वाळवून आणायची.